बस्त्यावची लुसिंडा

रविवार, १२ जानेवारी २०२५

ऑफिसकडून दरवर्षी एक जाडजूड डायरी मिळते आणि दरवर्षी मी ती कुणाला तरी देऊन टाकतो. या वर्षी ठेवली, त्याला कारण रोझलिन. काल फोनवर म्हणाली, तुम्ही तीच तीच गोष्ट मला रोज सांगता, त्यापेक्षा लिहून काढा, मलाही जरा झोप मिळेल. बायको वसईला आणि मी दुबईला. बत्तीस वर्षांच्या संसारातली सत्तावीस वर्षं फोनवर गेली, त्यामुळे असं बोलणं आमच्यात चालतं.

तर गोष्ट अशी. माझे आजोबा बस्त्याव लोपीस ट्रम्पेट वाजवायचे. गावच्या बँडमध्ये वाजवायचेच, पण त्याआधी तीन वर्षं मुंबईत, फोर्टातल्या एका हॉटेलात, गोऱ्यांच्या नाचाच्या बँडमध्ये होते. १९३७ साली त्या बँडची एक तबकडी निघाली. अमेरिकेतलं जॅझच्या सुरुवातीच्या दिवसांतलं गाणं, 'कीप द लॅम्प लो, लुसिंडा'. आजोबा म्हणायचे, तीत मी वाजवलंय. पण तबकडी त्यांच्याकडे नव्हती आणि गावात कुणी पाहिलीही नव्हती. आळीतले लोक म्हणायचे, बस्त्याव हॉटेलात पेट्या उचलायला होता आणि इथे येऊन बाता मारतोय. आजोबा १९६९ साली गेले, आणि ही थट्टा पपांच्या वाट्याला आली. पपा बँड घेऊन लग्नाला गेले की एक तरी जण विचारायचाच, "काय पेद्रू, रेकॉर्ड आणली का?"

गाणं आजोबांनीच गावाला दिलं, हे मात्र कुणी नाकारत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीचं पाणी आणायला निघतात तेव्हा आमचा बँड तेच वाजवतो. 'बस्त्यावची चाल' म्हणतात त्याला. मधे आठ ठोके बँड गप्प होतो आणि तेवढ्यात बायका नवऱ्या मुलाचं नाव घेऊन ओरडतात. बँड थांबलाच नाही तर त्या ओरडणार कधी?

पपा एक्क्याण्णव वर्षांचे आहेत. मी जूनमध्ये साठीचा होऊन, खलास, परत जाणार. त्याआधी ती तबकडी शोधायची आणि पपांना ऐकवायची. त्यांचा बाप थापाड्या नव्हता हे त्यांना त्यांच्या हयातीत कळलं पाहिजे. ठरलं म्हणजे ठरलं.

शनिवार, २५ जानेवारी

माणूस सापडला, आणि तोही माझ्यापासून दोन बिल्डिंगी सोडून. इंटरनॅशनल सिटीत मी अकरा वर्षं राहतोय आणि मला पत्ता नाही. काखेत कळसा म्हणतात तो हा.

जहूरभाई मूळचे रत्नागिरीकडचे, ड्रॅगन मार्टजवळ दिव्यांचं दुकान. वडील बोटीवर होते. ते न्यूयॉर्क, लंडन, जिथे जहाज लागेल तिथून तबकड्या आणायचे. जहूरभाईंनी त्यात भर घालत घालत हॉल भरून टाकलाय. सायराभाभी म्हणाल्या, आमच्याकडे पाहुणा आला की आधी रेकॉर्डना विचारावं लागतं, जागा आहे का म्हणून. तबकडी धरायची ती फक्त कडेने. मी बोट पुढे केलं तर जहूरभाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी हात खिशात घातले.

लुसिंडाची कुंडली त्यांना तोंडपाठ होती. १९२४ साली शिकागोत एका रंगमंचावरच्या खेळासाठी लिहिलेलं गाणं. खेळ अकरा दिवसांत बंद पडला, गाणं मात्र वाचलं. त्याच वर्षी एका नाचाच्या बँडने नुसतं वाजवून तबकडी काढली. दोन वर्षांनी एका बाईने गायलं. १९२९ साली लंडनच्या एका बँडने वाजवलं. आणि एका जुन्या यादीत एक ओळ: मुंबई, १९३७, हार्वी लिंटन अँड हिज बॉलरूम बॉईज. वाजवणाऱ्यांची नावं नाहीत. ही तबकडी जहूरभाईंनीही कधी पाहिलेली नाही.

म्हणजे तबकडी निघाली होती. एवढं ऐकूनच मला खुर्चीवरून उठावंसं वाटलं.

मग त्यांनी १९२४ची लावली. मी डोळे मिटून बसलो, आणि अर्ध्या मिनिटात उघडले. ही आमची चाल नव्हती. मी सांगितलं, तुम्ही दुसरीच काहीतरी लावलीत. त्यांनी निमूटपणे लेबल माझ्यासमोर धरलं. लुसिंडाच होती.

रविवार, २ फेब्रुवारी

आज त्या बाईची आणि लंडनवाल्यांची, दोन्ही ऐकल्या. दोन्ही चुकीच्या.

माझं स्पष्ट मत आहे की या लोकांनी गाणं बिघडवलं. आमची चाल कशी, एका सुरावर शांतपणे उभी राहते, हळूच एक पायरी खाली उतरते, परत जागेवर येते. पाणी भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईसारखी. हे लोक नुसते वर वर धावतात. कुठे कुठे वाटतं की आता आमच्या चालीला भेटणार, ओळख निघणार, आणि तेवढ्यात पुन्हा माकडासारखे झाडावर.

मी जहूरभाईंना आमची चाल गुणगुणून दाखवली. सभ्य माणूस, शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "सुकून आहे सिप्रियनभाई. पण ही पोचत कुठेच नाही." स्वयंपाकघरातून भाभी म्हणाल्या, अधुरी वाटते. ज्या घरात चार हजार तबकड्या आहेत तिथल्या बाईला गाणं अधुरं की पूर्ण हे कळू नये, याचं मला आश्चर्य वाटलं.

निघताना जहूरभाईंनी घसा खाकरून विचारलं की दादाजींनी कदाचित वेगळंच एखादं गाणं ऐकलं असेल का? ते 'ऐकलं' म्हणाले. 'वाजवलं' नाही म्हणाले. मी चप्पल घातली आणि सरळ निघालो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ऑफिसला जुमेरा लेक टॉवर्सपर्यंत आम्ही चौघे एका गाडीत जातो. मी मोबाइलवर १९२४ची तीनदा लावली. गाडी चालवणारा शाहबाज म्हणाला, चाचा, यल्ला, अब कुछ इस सदी का लगाओ.

बाकी दिवस फायली लावण्यात गेला. मनात एकच. आजोबांनी खरंच थाप मारली असेल तर? हे मी इथेच लिहितोय, रोझलिनला सांगणार नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पपांशी व्हिडिओवर बोललो. कवळी लावली नव्हती. ऐकू चांगलं येतं, पण बोलायला वेळ घेतात. मी आजोबा घरी कसे वाजवायचे ते विचारलं. म्हणाले, ओट्यावर बसून, सरळ पाठ, आणि मधली गप्पी आली की बाजा गुडघ्यावर ठेवून डावीकडे बघायचे. आठ ठोके झाले की पुन्हा उचलायचे. पोरं डावीकडे बघायची, तर तिथे नुसतं दार.

"कोणी येणार होतं का?" मी विचारलं.

"आम्हालाही तेच वाटायचं," पपा म्हणाले. मग रेकॉर्डचं विचारलं. मी म्हटलं, माग लागलाय.

रोझलिन म्हणते, चहात पाव बुडवून दिला तरी अर्धाच खातात आणि दिवसाही झोपतात. थंडीत म्हातारी माणसं झोपायचीच.

शनिवार, १ मार्च

आज रमजान सुरू झाला, आणि आजच बातमी आली. जहूरभाईंनी जुन्या तबकड्यांच्या ग्रुपवर महिनाभर लुसिंडाचा धोशा लावला होता. अबुधाबीहून सत्यभामा शिरोडकर म्हणून एका बँकेतल्या बाईंनी फोटो पाठवला. त्यांच्या सासऱ्यांचा संग्रह अकरा खोक्यांत पडलाय. लेबलवर स्वच्छ दिसतंय, हार्वी लिंटन. तबकडीला केसाएवढा तडा आहे.

बाईंच्या नवऱ्याची बदली झाली आहे आणि ईद झाली की खोकी कंटेनरमधून जाणार. विकायची नाही म्हणाल्या, पण दोन दिवस देतील. माझी मुलगी कॅरल अबुधाबीतच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. तिला सांगितलं, तू जाऊन आण. ती म्हणाली, "डॅड, धिस वीक इज इम्पॉसिबल." मी म्हटलं, पुढचा वीक. तोही इम्पॉसिबल. शेवटी २२ आणि २३ तारीख ठरली.

बुधवार, ५ मार्च

राखेचा बुधवार. ऑफिसनंतर चर्चला जाऊन कपाळावर राख घेतली आणि घरी येऊन माझं ट्रम्पेट पुसून पेटीत ठेवलं. चाळीस दिवसांच्या उपासात आमच्या घरात बाजा वाजत नाही. पपांचा नियम. मी बारा वर्षांचा असताना एकदा नुसती फुंक मारली होती, तर त्यांनी पेटीला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकली. ईस्टरला पेटी फोडावी लागली, पण नियम राहिला.

तिकडे जहूरभाई रमजानमध्ये मशीन लावत नाहीत. चादर घालून ठेवलंय. म्हणजे तबकडी येणार ती नेमकी अशा दोन दिवसांसाठी, की एकाला ती लावायची नाही आणि दुसऱ्याला फुंकायचं नाही. देवाने हे जमवून आणायला बरीच मेहनत घेतली असणार.

शुक्रवार, १४ मार्च

रोझलिनचा फोन. फादर घरी येऊन पपांना भेटून गेले, तेल लावून प्रार्थना केली. फादर चांगले आहेत, उपासाच्या दिवसांत सगळ्या म्हाताऱ्यांकडे जातात.

रोझलिनने दार ओढून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, रेकॉर्डचं लवकर करा.

मी लवकरच करतोय. तबकडी काय माझ्या खिशात आहे?

शनिवार, २२ मार्च

कॅरल दुपारी आली. तबकडी दोन उशांच्या मधे बांधून शेजारच्या सीटवर ठेवली होती आणि तिला सीटबेल्ट लावला होता. पोरीला अक्कल आहे.

जहूरभाईंनी कडेने धरून उजेडात पाहिली, कोमट पाण्याने धुतली, मऊ कपड्यावर सुकवली आणि टेबलावर ठेवून दिली. मशीनवरची चादर काही काढेनात. ईदनंतर, म्हणाले. मी म्हटलं, ईदनंतर ती कंटेनरमध्ये असेल. त्यांनी चादरीचं टोक सारखं केलं. तेव्हा सायराभाभी बाहेर आल्या.

"ही काय लग्नाची मैफल आहे? तिकडे एक म्हातारा बाप वाट बघत पडलाय. नियत बघतात, जी."

त्यांनीच चादर काढली आणि घडी घालून आत घेऊन गेल्या.

सुई टेकली. तड्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एक टक् होत होतं. मग बँड सुरू झाला आणि ट्रम्पेट आलं, चकचकीत, एकदम पुढे. आणि ते तीच चाल वाजवत होतं. अमेरिकेतली. बाईची, लंडनवाल्यांची. आमची कुठेच नाही. शेवटपर्यंत कुठेच नाही.

कोणी तोंडात मारावी तसा मी बसून राहिलो. जहूरभाई म्हणाले, बजानेवाला बाकी उस्ताद आहे. कॅरलने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मेबी ही रिमेम्बर्ड इट राँग, डॅड. इट्स ओके."

ओके नाही. ज्याने स्वतः वाजवलं तो चुकीचं कसं लक्षात ठेवेल? चुकीचं लक्षात ठेवतो तो दुरून ऐकणारा. दारामागे उभा असलेला, पेट्या सांभाळणारा. हे माझ्याच डोक्यात आलं आणि मला माझीच लाज वाटली. आळीतल्यांच्या पंगतीत मी जाऊन बसलो.

पण अजून एक दिवस हातात आहे. उद्या ट्रम्पेट घेऊन जातो आणि तबकडीबरोबर आमची चाल वाजवून बघतो, कुठे कुठे फरक पडतो ते एकेक सूर धरून. उद्या रविवार आहे, आणि उपासाच्या चाळीस दिवसांत रविवार मोजत नाहीत. पपांनी हे कधी मान्य केलं नसतं, पण चर्चला मान्य आहे.

रविवार, २३ मार्च

सावकाश लिहितो, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

चर्चमध्ये मिसा करून मी आणि कॅरल अकराला पोचलो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ट्रम्पेटच्या तोंडात बूच घातलं. जहूरभाईंनी सुई टेकली आणि मी आमची चाल सुरू केली. आधी दोन्ही आवाज एकमेकांना घासत होते. माझा किंचित वर, तबकडीचा किंचित खाली. जहूरभाईंनी हाताने मला चालू ठेवा म्हणून खूण केली आणि वेगाची खुंटी जरा फिरवली. त्या जुन्या तबकड्या अगदी अठ्ठ्याहत्तरलाच फिरायच्या असं नाही. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि माझ्या सुराला येऊन चिकटला.

मग जे झालं ते मी कधी ऐकलं नव्हतं. तबकडीतलं ट्रम्पेट वर जाई तेव्हा मी खाली उभा होतो. ते उतरे तेव्हा मी त्याच्या पायाखाली होतो. कुठेच टक्कर नाही. मला फरक शोधायचे होते, एक सापडेना. कॅरलने फोन ठेवून दिला. भाभी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आता कुठे बरोबर वाटतंय. काल काय बिघडलं होतं?"

आणि आमची गप्पी आली. मी थांबलो. त्या आठ ठोक्यांत तबकडीतलं ट्रम्पेट एकटंच वर चढत गेलं, अगदी टोकापर्यंत, आणि खाली येऊन थांबलं. नवव्या ठोक्याला मी उचललं. पण पुढे दोनच सूर निघाले.

जहूरभाईंनी सुई उचलली.

आजोबा सेकंड वाजवायचे. दुसरं ट्रम्पेट. चाल पुढच्याची, खालची साथ ह्यांची. तीन वर्षं रोज तीच साथ वाजवली, गावी येऊन तीच शिकवली, कारण बोटांना तेवढीच येत होती. गावाने ती चाल म्हणून घेतली. आणि पपांनी, मी, चाळीस पोरांनी, ऐंशी वर्षं रस्त्याने अर्धं गाणं वाजवत नेलं, आणि बायकांनी नेमक्या पहिल्या ट्रम्पेटच्या जागेवर नवऱ्यांची नावं घेतली.

जहूरभाई कडक माणूस. म्हणाले, रेकॉर्ड ऐकूनही कोणी शिकू शकतो, हे सबूत नाही. मग कानाला मोठे हेडफोन लावून पुन्हा लावली. तीनदा ऐकली. एकच मायक्रोफोन, पुढे पहिला, मागे दुसरा, त्यात ती घरघर आणि टक् टक्. शेवटी हेडफोन काढले आणि म्हणाले, "दोन ठिकाणी आहे. खाली आहे. पण ज्याला आधीपासून माहीत आहे त्यालाच ऐकू येईल. हे रेकॉर्डवरून कोणाचा बाप उचलू शकणार नाही. तिथे बसलेलाच उचलेल." थोडं थांबून म्हणाले, "दादाजी तिथे बसले होते, सिप्रियनभाई."

मी रडलो. साठीला आलेला माणूस, परक्याच्या हॉलमध्ये. लिहून ठेवतो, कारण खरं आहे.

मंगळवार, २५ मार्च

तबकडी परत गेली. जहूरभाईंनी आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घेतलाय.

आता पपांना काय सांगायचं? दोन दिवस हाच विचार. त्यांचा बाप थापाड्या नव्हता, हे सांगायचं तर हेही सांगावं लागेल की तो मागच्या खुर्चीवर होता. आणि पपांनी जन्मभर जी चाल छाती फुगवून वाजवली ती चालच नव्हती. एक्क्याण्णवाव्या वर्षी हे कुणाला सांगायचं असतं का?

सोपा रस्ता आहे. रेकॉर्ड लावायची, ते चकचकीत ट्रम्पेट ऐकवायचं आणि म्हणायचं, पपा, हे आजोबा. पण ते विचारतील, आपली चाल कुठे आहे. आणि नाही विचारलं तरी, मी खोटं सांगितलं तर आळीतले लोक बस्त्यावबद्दल जे म्हणायचे ते मग नातवाबद्दल खरं होईल.

कॅरलला विचारलं. ती म्हणाली, "जस्ट टेल हिम. अँड गो होम, डॅड. नॉट इन जून." मी म्हटलं, सुट्टी मंजूर व्हायची आहे. तिने काही ऐकलं नाही. मंगळवारचं, एक एप्रिलचं तिकीट काढलं. नऊशे चाळीस दिरहॅम, म्हणजे बावीस हजारांच्या आसपास.

बुधवार, २६ मार्च

सांगितलं.

ऑफिसमधून लवकर निघालो आणि जहूरभाईंकडून फोन लावला. रोझलिनने पपांना उशीला टेकवून बसवलं होतं. आधी तबकडीचा उतरवून घेतलेला आवाज ऐकवला. पपा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हे ते नव्हेत."

मी म्हटलं, नाही. मग जहूरभाईंनी रविवारी उतरवून घेतलेलं लावलं, तबकडी आणि माझं ट्रम्पेट एकत्र. गप्पी आली, वरचं एकटं चढत गेलं, आणि पपांचा उजवा हात चादरीवरून उठला. मी सगळं सांगितलं. सेकंड होते, मागे बसायचे, चाल पुढच्याची होती. एका दमात सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं.

पपांचा हात खाली चादरीवर आला. मला वाटलं, मी घात केला.

"डावीकडे फर्स्टवाला बसायचा," ते म्हणाले.

"हो पपा."

"त्याच्याकडे बघायचे ते. त्याला वाजवू देत होते." मग श्वास घेऊन विचारलं, "खोटं नव्हते ना बोलले?"

"नाही पपा. एक अक्षर खोटं नाही."

त्यांनी रोझलिनकडे पाहिलं, जणू साक्षीदार पाहिजे होता. रोझलिन डोळे पुसत होती. मग मी चुकून म्हणालो, फक्त सेकंड होते एवढंच, आणि पपा जुन्या आवाजात बोलले, बँडमध्ये पोरांवर ओरडायचे त्या आवाजात. "फक्त? सेकंड नसला तर फर्स्टवाला एकटा भुंकतो. सेकंड म्हणजे कमी नाही, रे गाढवा."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तीस वर्षांत मला कोणी गाढव म्हटलं नव्हतं.

फोन ठेवायच्या आधी म्हणाले, वरचं शीक. खालचं माझ्याकडे आहे. मी म्हटलं, आता उपास चालू आहे, ईस्टर झाला की शिकतो.

"ईस्टरची वाट बघू नकोस," पपा म्हणाले.

ज्या माणसाने किल्ली विहिरीत टाकली तो हे म्हणाला. मी घरी आलो, पेटी उघडी ठेवून तिच्याकडे बघत बसलो आणि रोझलिन इतके दिवस मला काय सांगत होती ते तेव्हा कळलं. पाव, झोप, फादर, शेवटचं तेल. सगळं सांगितलं होतं तिने. मीच ऐकलं नाही.

शनिवार, २९ मार्च

तीन दिवस ड्रॅगन मार्टच्या पार्किंगमध्ये, शाहबाजच्या गाडीत काचा वर करून वाजवतोय. वरचं अवघड आहे. त्या टोकाच्या सुराला ओठ फाटायची वेळ येते. पहारेकरी दोनदा येऊन बघून गेला. आज दहातून सहा वेळा लागला.

रविवार, ३० मार्च

आज ईद. जहूरभाईंकडे सकाळपासून पाहुणे. भाभींनी शीरखुर्मा वाढला आणि मला उपास आहे हे आठवून वाटी परत न्यायला लागल्या. मी म्हटलं, रविवार आहे, ठेवा. बारा वाजता पाहुणे उठले तेव्हा फोन लावला.

पपा झोपूनच होते. रोझलिनने फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला. चेहरा अर्धाच दिसत होता. म्हणाली, सकाळपासून कुणाशी बोलले नाहीत, पण सिप्रियन वाजवणार म्हटल्यावर डोळे उघडले. आम्ही तबकडीचा आवाज लावला नाही. मीच उभा राहिलो आणि वरचं सुरू केलं, आणि तिकडून पपा खालचं गुणगुणायला लागले. नुसत्या ओठांनी, तं तं करत. फोनमुळे त्यांचा आवाज अर्ध्या ठोक्याने मागे येत होता. मी थोडा थोडा थांबत गेलो, ते पोचतील एवढा. गप्पीत ते थांबले आणि मी एकटा चढलो. टोकाचा सूर लागला. आयुष्यात इतका स्वच्छ कधी लागला नव्हता.

तीन मिनिटांनी गाणं संपलं. मी ट्रम्पेट खाली केलं. जहूरभाईंनी टाळी वाजवायला हात उचलले आणि ते हवेतच धरले. पपा थांबले नव्हते.

ते पुढे गुणगुणत होते. नवंच काहीतरी, तीच चाल पण वळण घेतलेली. हे त्यांनी आम्हाला कधी शिकवलं नव्हतं. मी हळूच रोझलिनला म्हटलं, हे काय? पपांनी ऐकलं असावं, कारण दोन श्वासांच्या मधे म्हणाले, "घरी वाजवायचे. रस्त्यात लागत नाही. विहीर येते." आणि पुन्हा सुरू.

जहूरभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले की तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटंच मावायची, हॉटेलात गाणं पुढे चालत असणार. म्हणजे हे कुठेच उतरवलेलं नाही. ना शिकागोत, ना लंडनला, ना मुंबईत. याचं खालचं फक्त पपांकडे होतं, आणि वरचं जगात कुणाकडेच नव्हतं.

मी ओठ ओले केले आणि ट्रम्पेट उचललं. सुचेल ते वाजवत गेलो, त्यांच्या वर, त्यांना सोडून न जाता. दोनदा चुकलो. पपा थांबले नाहीत, म्हणून मीही थांबलो नाही.